सुंदरभावोजींचा उजवा हात

तार आली तेव्हा मी पुण्याच्या घरी सांबाराला फोडणी घालत होते. सुंदरराव गेले, ये, एवढाच मजकूर. खरं सांगते, आधी रडू आलं नाही, राग आला. दिवाळीला येतो, तुझ्या सासरच्यांना आमची जुनीपुराणी मराठी ऐकवून पोट धरून हसायला लावतो, असं कबूल करून बसलेला माणूस असा न सांगता जातोच कसा! सासूबाई हळहळल्या आणि म्हणाल्या, "तेच ना गं तुझे भावोजी, बोलपटात लाच खाणारे?" झालं! मद्रासच्या पेपरांनीही तेवढंच छापलं. आता काही महिने उलटले आहेत, राग जरा निवला आहे, तेव्हा त्या लाचेची खरी हकीकत माझ्याकडूनच ऐका.

सुंदरराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमळाक्काचे, यजमान. नाव सुंदर आणि तोंडभर देवीचे व्रण. लग्नात मी मेहुणीच्या हक्कानं विचारलं होतं, "भावोजी, हे नाव ठेवलं कुणी?" ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आईनं. मला पाहायच्या आधीच ठेवलं होतं गे." मांडवात हशा पिकला. मी त्या क्षणापासून त्यांच्या बाजूची झाले ती झालेच.

कुंभकोणमला आमची मराठी घरं थोडी. मराठ्यांच्या राज्याबरोबर कधीतरी खाली उतरलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. दर शनिवारी सगळी विठोबाच्या मठात भजनाला जमतात, आणि तिथे शब्द चालतो वेंकोबाअप्पांचा. भजन झालं की प्रसाद वाटण्याचा मान सुंदररावांच्या घराण्याचा. वडिलांनंतर तो त्यांच्याकडे आला. मद्रासला ते नाटक कंपनीत होते, मग बोलपटात गेले. कामं काय, तर द्वारपाल, भटजी, नाहीतर नायिकेचा बाप, तोही पहिल्या रिळातच मरणारा. पण गोकुळाष्टमीला काहीही करून गावी यायचेच. एकदा राक्षसाचा रंग अर्धामुर्धा पुसून आले होते, कानामागे निळं तसंच! "मद्रासला मी कोणीही असेन," म्हणायचे, "येथे मी प्रसाद वाटणारा." हे त्यांना मनापासून वाटत असे. त्यांच्या जिवाला दुसरी मोठी हौस नव्हती.

मग तो पोलिसांचा बोलपट आला. आमच्या मद्रास इलाख्यात तेव्हा दारूबंदी होती, आणि दारूबंदी होती म्हणूनच दारू जोरात होती. चोरट्या भट्ट्या, त्यांच्यावर जगणारा एक इन्स्पेक्टर, अशी गोष्ट. इन्स्पेक्टरचं काम मिळालं भावोजींना. इतकं मोठं काम पहिल्यांदाच! प्रसंग असा की भट्टीवाला विड्याच्या पानांचं तबक घेऊन येतो, पानांखाली नोटा. इन्स्पेक्टरनं त्या हिसकायच्या आणि गडगडाटी हसायचं, असं ठरलेलं. पण तबक समोर आलं आणि भावोजी फसले. जन्मभराची सवय! डावा हात उजव्याखाली गेला, मान लवली, पानं नोटांसकट घेऊन त्यांनी एका डोळ्याला लावली, मग दुसऱ्या. प्रसाद घेतात तशी. भावोजींच्या लक्षात आलं, तसे ओशाळून म्हणाले, "चुकलं हो, परत घेऊ." दिग्दर्शक खुर्चीवरून उठून जवळ आला... म्हणाला, "परत कशाला? हेच पाहिजे मला."

बोलपट आमच्या गावात लागला आणि नुसता धुमाकूळ झाला. दारासुरम्चे विणकर माग सोडून येत, तिरुनागेश्वरम्ला देवदर्शनाला आलेली माणसं परतीच्या वाटेत तिकीट काढत. हवालदार दुकानात फुकटचं पान घ्यायला आला की दुकानदार हात जोडून म्हणे, "डोळ्यांना लावा की, दुरैसाहेब!" हवालदार बिचारा लाल होऊन पैसे टाकून जाई. अक्काला बाजारात बायका वाट करून देऊ लागल्या. माझं लग्न अजून व्हायचं होतं; मी तर गावभर अशी फिरत होते, जणू लाच मीच खाल्ली होती!

आणि नेमकं तेव्हाच वेंकोबाअप्पांनी भावोजींना मठात बोलावून सांगितलं, "सुंदरा, प्रसादाची थट्टा केलीस म्हणतात. त्या हातानं आता येथे प्रसाद वाटणं नको."

भावोजी घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. जेवले नाहीत. मद्रासहून बोलावणी येत होती, गेले नाहीत. सगळं गाव डोक्यावर घेत होतं आणि हा माणूस ओट्यावर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. अक्का म्हणाली, "अहो, सांगा की अप्पांना, चुकून झालं म्हणून. खरंच तर आहे."

"झालं ते चुकून," भावोजी म्हणाले. "पण ठेवू दिलं ते समजून. लाच खाणारा अस्साच खातो गे, देवानं धाडल्यासारखा. हे कळल्यावर आता चुकलं म्हणू कसा?"

गोकुळाष्टमी तोंडावर आली होती. मला राहवेना. मी तडक मठात गेले. गाभाऱ्यापाशी नवी चांदीची समई झगमगत होती, पापनाशम्कडच्या एका मिरासदारानं दिलेली. त्याच्या नारळीच्या बागेत कसली भट्टी पेटते, हे गावातली शेंबडी पोरंसुद्धा सांगत. मी समईकडे पाहिलं, पण त्या दिवशी माझं भांडण दुसरंच होतं. "अप्पा, तुम्ही बोलपट पाहिलात?"

"मी असलं पाहत नाही."

"मग न पाहता शिक्षा कसली? चोराचंसुद्धा आधी ऐकून घेतात."

"पोरी, तोंड फार सुटलंय तुझं," अप्पा म्हणाले. मला वाटलं, संपलं सगळं. पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला मी पुन्हा गेले, तर खांद्यावर उपरणं आणि हातात छत्री घेऊन ते थिएटरच्या दारात उभे! जन्मात प्रथमच थिएटर पाहत होते. मी त्यांना माझ्या शेजारी बसवलं.

तो प्रसंग आला. तबक पुढे झालं, भावोजींची मान लवली, पानं डोळ्यांना लागली. मागून कोणी बाई तमिळमध्ये कळवळून म्हणाली, "अय्यो, देवाच्या हातचं घेतल्यासारखा घेतोय गे मेला!" अप्पा पुढे झुकून पाहत होते. शेवटी इन्स्पेक्टर स्वतःच्याच ठाण्याच्या कोठडीत जातो, तेव्हा शिट्ट्यांनी छप्पर उडायची वेळ आली, पण अप्पा हलले नाहीत. बाहेर उन्हात आल्यावर छत्री उघडायचंही त्यांना सुचलं नाही. तसेच उन्हातून मठाकडे चालू लागले.

गोकुळाष्टमीला भावोजी मठात मागे, चपलांच्या जवळ बसले. भजन संपलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की चांदीची समई जागेवर नाही, जुनी पितळेचीच तेवते आहे. अप्पा उभे राहिले. म्हणाले, "ती समई मी परत धाडली. ती देताना मिरासदारानं तबक पुढे केलं, आणि मी ते डोळ्यांना लावून घेतलं होतं. कुठून आली, मला ठाऊक होतं..." ते मागे भावोजींकडे वळले. "सुंदरानं थट्टा प्रसादाची केली नाही. माझी केली. बरं केलं. सुंदरा, पुढे ये, वाट प्रसाद."

भावोजी उठले ते ठेचकाळतच. पहिला प्रसाद त्यांनी अप्पांच्या हातावर ठेवला, आणि दोघंही लहान मुलांसारखे रडले. मी तर मोठ्यानं "शाब्बास!" म्हणून ओरडले, मठात! अक्कानं मला चिमटा काढला.

पुढची वर्षं भावोजींची होती. मागे भटजी म्हणून उभा राहणारा माणूस न्यायाधीश झाला, सावकार झाला, आंधळा गवई झाला. नायक बदलत, पण हे हवेतच. मुलाखत घ्यायला कुणी आलं की विचारी, तुमचं सगळ्यात मोठं काम कोणतं? हे म्हणत, "शनिवारी मठात या, दाखवतो." तो बिचारा गोंधळून परत जाई.

असा माणूस मद्रासहून गावी आला, कॉफी मागितली, आणि ती गाळून होईपर्यंत संपला.

तेराव्याला अप्पा घरी आले. आता त्यांना फारसं दिसत नाही. बरोबर सगळी भजनी मंडळी. भजन झालं, प्रसादाचं पातेलं मधोमध आलं आणि सगळे घुटमळले. मूलबाळ नाही, वाटणार कोण? एका दूरच्या चुलत्यानं बाह्या सावरल्या.

"थांब," अप्पा म्हणाले. "कमळीला बोलवा."

कुजबुज झाली. नुकतंच कपाळ पुसलेली बाई आमच्याकडे माणसांत येत नाही, प्रसाद वाटणं तर लांबच. स्वयंपाकघराच्या दाराआडून अक्का म्हणाली, "अप्पा, मी? मला कसं चालेल?"

"हा मान ह्या घराचा आहे. एकदा मी तो काढून घेतला आणि तोंडावर पडलो. पुन्हा नाही काढायचा. ये बाहेर."

अक्का आली. पदर कमरेला खोचला आणि वाटायला लागली. पहिल्या दोघांना खाली मान घालून दिला, तिसऱ्या-चौथ्या माणसापासून मान वर झाली. मी रांगेत उभी राहून हात पुढे केला. एवढा अभिमान मला त्या थिएटरातही वाटला नव्हता.

आता दर शनिवारी मठात अक्काच प्रसाद वाटते. मागे कुणी एक गृहस्थ हात पुढे करायला कचरले, तर अप्पा बसल्या जागेवरून ओरडले, "घे रे! सुंदराच देतो आहे."