बी. एस्सी. झालेला गूळ

आमच्या पंचक्रोशीत गूळ वाटीने प्यावा लागलेलं घर एकच, आणि ते आमचं. कारण मी.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी नुकताच बी. एस्सी. होऊन साताऱ्याहून गावी परतलो होतो. (गाव कराडच्या अलीकडे, कृष्णाकाठी.) सोबत एक ट्रंक, जाड भिंगांचा चष्मा आणि विकत घेतलेला लांबलचक थर्मामीटर. डोक्यात हवा इतकी की त्या ट्रंकेत मावली नसती.

घरचं गुऱ्हाळ सुरू व्हायचं होतं. काहिलीत उसाचा रस उकळून त्याचा पाक झाला की तो नेमका कधी उतरवायचा हे सांगतो तो गुळव्या. आमचे गुळवे बापूमामा. वय साठ, शाळेचं तोंड न पाहिलेले. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चोळायचे, काहिलीकडे कान लावायचे आणि हात वर करायचे. झाला गूळ.

मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मामा, हे अंदाजपंचे काम आता बंद. शास्त्र आहे हे. तुम्ही आराम करा."

बापूमामांनी थर्मामीटर न्याहाळला. "गुळाचा ताप बघायचा व्हय? बघा की मग." खांद्यावरचा टॉवेल झटकून ते घराकडे चालू लागले.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत हवालदार होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "जमंल न्हवं रं? पहिली ढेप भैरोबाला जाती. आजवर कवा चुकली न्हाई."

"आबा, ढेप अशी पडेल की भैरोबा दुसरी मागेल."

मी काहिलीवर वाकलो आणि पहिल्याच वाफेत चष्मा पांढराफटक. पुसला, परत पांढरा. काढला, तर थर्मामीटरच दिसेना! शेजारी चुलीत चिपाडं सारणारा शिरपा उभा होता. चांगला बाप्या माणूस, नजर घारीची. "आकडा वाच रे" म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण शिरपा चौथी शिकलेला आणि मी (वर सांगितलंच आहे) बी. एस्सी. मी दिलं ठोकून, "एकशे अठरा. उतरवा."

"आवं, पर अजून कच्चा वाटतोय की," शिरपा म्हणाला.

"तू जाळ बघ."

पाक उतरवला, ढवळून निववला, आत कापड घातलेल्या बादल्यांत भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हलगी लावून निम्मं गाव जमलं. आबांनी पटका बांधून पहिली बादली पालथी केली. ढेप पडली नाही. ती वाहत आली आणि आबांच्या नव्याकोऱ्या कराडी वहाणांवरून सावकाश पुढे गेली. हलगी थांबली. आबांनी पाय उचलून पाहिला, वहाण जागची हलेना. शेवटी ते तसेच सावधानमध्ये उभे राहिले.

"जवान," ते शांतपणे म्हणाले, "ऊस तोडून पडलाय. वाळायच्या आत बापूला घिऊन यी. न्हाईतर तू बी यिऊ नगंस."

वाटेत मी माफीचं छान भाषण जुळवलं. बापूमामांच्या ओसरीवर त्यातला एक शब्द आठवेना. "मामा, काल मला आकडा दिसतच नव्हता. चष्म्यावर वाफ होती. सांगायची लाज वाटली." खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं.

बापूमामा ठसका लागेपर्यंत हसले. "आरं लेकरा, वाफंत मला तरी कुटं दिसतंय? म्हणून तर कान लावतो."

घरात वाटी-वाटीने प्यावा लागला तेवढा सोडून बाकी सगळा पाक त्यांनी परत काहिलीत ओतायला लावला. माझा चष्मा काढून स्वतःच्या खिशात ठेवला. "आता ऐक. कच्चा हाय तंवर लय वरडतो. पिकला की हळू बोलतो." (हे ते पाकाबद्दल बोलत होते. बहुधा.) मी डोळे मिटून उभा राहिलो आणि मला खरंच ऐकू आलं. मी हात वर केला.

संध्याकाळी ढेप भैरोबाला गेली. रंगाने जरा काळपट, पण उभी होती.

पुढे चार हंगाम मी बापूमामांच्या हाताखाली काढले आणि बऱ्यापैकी गुळव्या झालो. माझी एकही ढेप परत कधी वाहिली नाही. तरी दर वर्षी पहिली बादली पालथी करायला आबा अनवाणीच यायचे. गावाला वाटायचं, केवढी ही भैरोबाची भक्ती!