घंगाळातला मुक्काम

माझा थोरला भाऊ शेषगिरी पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडायच्या कामावर होता. बेंगळूरच्या चामराजपेटातल्या आमच्या तीन गल्ल्यांना दिवसाआड पाणी यायचं, ते अण्णाच्या हातून. पहाटे पाचला कमरेइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो कोपऱ्यावरच्या खड्ड्याशी जायचा, चपला काढायचा आणि चावी फिरवताना गंगेपासून कावेरीपर्यंत सातही नद्यांची नावं मोठ्यानं घ्यायचा. लोक अंघोळीच्या तांब्यात नद्या बोलावतात, हा तीन गल्ल्यांच्या नळात बोलवायचा. "सहा जणींना बोलावणं करावं लागतं," तो म्हणायचा, "सातवी, कावेरी, पाईपातनं स्वतःच येते." तीस वर्षं माझी झोप त्या नावांनीच मोडत आली.

मी भार्गवी. लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवते आणि भावाकडे राहते. माझी जीभ तिखट आहे असं गल्लीचं मत आहे. ते गल्लीनं स्वतःपाशी ठेवावं.

अण्णाला आयुष्यात एका पाण्याशिवाय कशाचीच खात्री नव्हती. शर्ट कुठला घालायचा हे तो महानंदावहिनीला विचारायचा आणि मीठ कमी आहे का हेही तिलाच विचारायचा. पण कुणी भरल्या बादलीला पाय लावला तर याचा चेहरा बघवत नसे. पाणी म्हणजे देव, एवढं एक त्याला पक्कं ठाऊक होतं. ते सुद्धा डळमळलं पंच्याण्णव साली.

त्या वर्षी गणपती विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी तो जयनगरला एका सोबत्याकडे बारशाला गेला होता. येताना येडियूरच्या तळ्यावर थांबला. आमचा गणपती आम्ही तिथंच सोडला होता. घरी आला तो पानावर बसायलाच तयार नाही.

"मासे उलटे होऊन तरंगतायत," तो म्हणाला. "आणि आपल्या गणपतीचा मुकुट काठाला चिखलात. सोनेरी रंग जसाच्या तसा."

"अण्णा, त्या तळ्यात गटारंही जातात."

"गटार ते गटार. हे आपण अक्षता टाकून सोडलं." मग म्हणाला, "भार्गवी, पहिला अवतार कुठला?"

"मत्स्य."

"मग आपण काय करून आलो?"

मी त्याचं पान झाकून ठेवलं.

वर्षभर तो प्रश्न त्यानं उराशी धरला. शहाण्णवचा श्रावण लागला तेव्हा म्हणाला, यंदा गणपती तळ्यात नाही, घरात, आजीच्या तांब्याच्या घंगाळात. रोज तांब्याभर पाण्यात सात नद्या येतात असं आपण मानतो ना, मग घंगाळात यायला त्यांना काय अडचण? मातीची मूर्ती आणू, विरघळली की ती माती तुळशीला घालू.

आमचे विश्वेश्वर भटजी म्हणाले, "शेषगिरी, विसर्जनाला वाहतं पाणी लागतं."

"बेंगळूरात वाहतं पाणी आहे कुठं, गुरुजी? आहे ते माझ्या व्हॉल्व्हमधनं वाहतंय."

भटजींनी उपरणं सावरलं आणि "बघा बाबा" म्हणून गेले. समोरचा मल्लाप्पा शिंपी मात्र मशीन थांबवून ऐकत होता. त्याचं गल्लीत वजन. तो म्हणाला, "सरी अण्णा, ठीक आहे. यंदा तुमच्या घरी बघू. देव नीट गेला तर पुढल्या वर्षी आख्ख्या गल्लीचे गणपती घंगाळात." अण्णा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवला. मी हे सांगते आहे कारण पुढं जे झालं ते माझ्या हातून झालं, आणि काय पणाला लागलंय हे मला चांगलं माहीत होतं.

मूर्ती आणायच्या दिवशी अण्णाची कामाची पाळी होती. मला म्हणाला, "तू आण. मातीची. रंग नको." मी मार्केटात गेले. मातीचे गणपती होते, पण कसे? काळपट, ओलसर, एकाचा कान वाकडा. हळदीकुंकवाला सगळ्या गल्लीच्या बायका येणार, आणि आमच्या मखरात हा! शेजारच्याच पाटावर एक गणपती होता, गुलाबी कानांचा, गोरापान, डोळे तर असे की मीच दोन पावलं मागं सरकले. मूर्तीवाला म्हणाला, "प्लॅस्टर आहे अक्का. पडला तरी मोडायचा नाही."

मी तोच घेतला. माती काय आणि प्लॅस्टर काय, दोन्ही पांढऱ्या-काळ्या भुकट्याच, पाण्यात पडल्या की गळतील, असं मी स्वतःला सांगितलं. मी गणिताची बाई. विज्ञान मला लागत नव्हतं. घरी अण्णानं विचारलं, "माती ना? रंगीत दिसतोय." मी म्हटलं, "वरनं स्वल्प रंग दिलाय." त्यानं विश्वास ठेवला. माझ्यावर तो नेहमीच ठेवायचा.

पाच दिवस थाटात गेले. पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली, मागल्या चौकात घंगाळ घासून ठेवलं, अण्णानं स्वतः सोडलेल्या नळाचं पाणी भरलं, सात नावं घेतली आणि गणपती आत बसवला. मल्लाप्पा सहकुटुंब हजर. "पुढच्या वर्षी लवकर या" झालं. वहिनीनं डोळे पुसले, प्रसाद वाटला आणि सगळे आपापल्या घरी गेले.

देव सोडून.

दुसऱ्या दिवशी पाणी गुलाबी झालं होतं. देव तसाच. तिसऱ्या दिवशी दागिने गेले, पीतांबर गेलं, वर तेलकट साय आली. देव तसाच, सोंडेची वेलांटीसुद्धा ढळली नव्हती. अण्णा उकिडवा बसून म्हणाला, "माती जुनी असेल. मुरलेली." मी मोरीपाशी जाऊन उगाच भांडी घासली.

मग घरात जो गोंधळ सुरू झाला तो मी जन्मात विसरायची नाही. देव गेला की आहे? वहिनीनं पहिले दोन दिवस धीर धरला, तिसऱ्या दिवशी गुपचूप घंगाळाच्या काठावर मोदक ठेवला. "असलेच तर उपाशी नकोत," ती म्हणाली. मग आरतीचं काय? ती केली तर आपणच निरोप दिलेल्याला थांबवून घेतल्यासारखं. नाही केली तर दारात आलेल्या पाहुण्याकडे पाठ फिरवल्यासारखं. अखेर वहिनी टाळी न वाजवता, ओठातल्या ओठात आरती म्हणू लागली. चौकात कपडे धुताना ती डोक्यावर पदर घ्यायची. अण्णा जाता-येता वाकायचा आणि वाकल्यावर शरमायचा. मीही शाळेतून आले की आधी तिकडं बघायची. डोळ्यांचा रंग काही केल्या जात नव्हता.

मल्लाप्पा रोज सकाळी मशीनवरून ओरडायचा, "करगिता, अण्णा?" विरघळला का? पहिल्या दिवशी हौसेनं, मग काळजीनं. सहाव्या दिवशी त्यानं विचारलंच नाही, ते जास्त लागलं.

पाणी गटारात ओतायला अण्णा तयार नव्हता. ते देवाचं तीर्थ. त्यानं दोन तांबे काढून कढीलिंबाच्या रोपाला घातले. चार दिवसांत रोपाची पानं पिवळी पडून खाली आली. अण्णा ती पानं ओंजळीत घेऊन कितीतरी वेळ उभा होता. मला म्हणाला, "तळ्यात मासे मेले. इथं झाड चाललं. दोन्हीकडं देवच. मला काय समजत नाही, भार्गवी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ तिखट म्हणतात ना माझी? ती त्या दिवशी टाळ्याला चिकटली होती.

नवव्या दिवशी आमच्या गल्लीचं पाणी होतं. पाचला मला जाग आली. चावी खड्ड्यात उतरल्याचा आवाज आला, लोखंड करकरलं, नळ फुरफुरले. बाकी काही नाही. एकाही नदीचं नाव नाही. मी अंथरुणात उठून बसले. ताप असो, बाबा गेल्याचा दुसरा दिवस असो, तीस वर्षांत असं झालं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते देवासाठी नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी भटजी आले. पितृपंधरवडा लागला होता आणि दुसऱ्या दिवशी द्वितीया, आमच्या बाबांची तिथी. घरात गणपती असताना श्राद्ध करायचं कसं? भटजींनी घंगाळात वाकून पाहिलं. म्हणाले, "उत्तरपूजा झाली, म्हणजे देव गेला. मूर्ती विरली नाही, म्हणजे निरोप पुरा झाला नाही. दोन्ही खरं. मला पोथीत कुठं सापडत नाही." एवढं सांगून ते उद्या येतो की नाही हेही न सांगता गेले.

अण्णा उठला. आपलं धुतलेलं धोतर आणलं, मूर्ती पाण्यातून काढून त्यात गुंडाळली आणि छातीशी धरून दाराकडे निघाला.

"कुठं?" वहिनी म्हणाली.

"येडियूरच्या तळ्यावर." तो आमच्याकडे बघत नव्हता. "त्यानं नऊ दिवस सांगितलं, मला तुझं घंगाळ नको. मीच ऐकत नव्हतो. मी कोण, एक व्हॉल्व्हमन. चार थेंब हातातनं जातात म्हणून वाटलं, पाण्याचं मला कळतं."

समोर मल्लाप्पाचं मशीन थांबलं होतं. अण्णानं उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला.

"अण्णा, तो मातीचा नाही," मी म्हटलं. "प्लॅस्टरचा आहे. तो पाण्यात विरघळतच नाही."

"तुला कसं माहीत?"

"मूर्तीवाल्यानं सांगितलं होतं. घेतानाच."

तो तसाच उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलून मोकळी झाले असते.

"नऊ दिवस," तो म्हणाला, "तू रोज बघत होतीस?"

"हो."

"मी नावं घ्यायची सोडली, ते पण ऐकलंस?"

"हो, अण्णा."

त्यानं मान हलवली. धोतराचं टोक बाजूला करून त्यानं गणपतीच्या तोंडाकडे पाहिलं आणि अगदी हळू, मला नव्हे, त्यालाच विचारलं, "म्हणजे तू नको म्हटलं नव्हतंस?"

त्या एका वाक्यानं मला जी शिक्षा झाली तिच्यापुढं बाकी काहीच नाही.

वहिनी सावरली ती सगळ्यात आधी. "आधी आत घ्या त्यांना. देवाला दारात उभं करून काय पंचायत?" तिनं मूर्ती काढून घेतली, कोरड्या पंच्यानं पुसली आणि कोठीच्या फळीवर डाळीच्या डब्यांशेजारी ठेवून पुढं पडदा ओढला. पडद्याआड देव आहे की नाही, हा प्रश्न तिनं पडद्यावर सोपवला.

"मल्लाप्पाला तूच जाऊन सांग," अण्णा मला म्हणाला. बस्स, एवढंच. मी गेले. त्याच्या मशीनपुढं उभी राहून, कन्नडमध्ये, सगळं सांगितलं. त्यानं तोंडातली सुई काढली. "सरी अक्का. म्हणजे घंगाळाचं काय चुकलं नाही. पण पुढल्या वर्षी मूर्ती आणायला तुम्ही जायचं नाही." मी मान खाली घालून हो म्हटलं. गल्लीला माझ्याबद्दल आता नवं मत झालं असणार.

दुसऱ्या दिवशी भटजी आले आणि श्राद्धही झालं. वाढताना वहिनीनं एक छोटं पान पडद्यापलीकडे सरकवलं. पितरांसाठी, देवासाठी की सवयीनं, ते मी विचारलं नाही. गुलाबी पाण्याचं काय करायचं हे कुणालाच सुचलं नाही. ते घंगाळात उन्हाला ठेवून आटवलं आणि तळाशी राहिलेला रंग अण्णानं खरवडून कागदात बांधला. ती पुडीही फळीवरच गेली. देव आला की गेला, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. माझं तर गणितच चुकलेलं.

त्यानंतरच्या दिवशी पुन्हा आमचं पाणी. मी साडेचारपासून जागी होते. अण्णाच्या चपलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. चावी उतरली. किती वेळ गेला कोण जाणे. मग लोखंड करकरलं आणि त्याचा आवाज आला, बसलेला, पण मोठा. गंगा. यमुना. मी बोटांवर मोजत होते. कावेरीला सात झाल्या.

तो थांबला. नळात पाणी आलं, वहिनी बादली लावायला उठली. आणि कोपऱ्यावरून आठवं नाव आलं, क्षमा मागितल्यासारखं, पण बाकीच्यांइतकंच मोठ्यानं.

येडियूर.