ताजं मिश्रण

गल्लीत सगळे त्यांना मात्रेकाका म्हणत. चढावर धापा टाकणारी गाडी त्यांच्याकडे आणायची; ते पेट्रोलमध्ये काहीबाही कालवून तिला अशी मात्रा देत, की परत जाताना ती गाडी ओळखूच येऊ नये. पुढच्या खोलीत पत्र्याचे डबे, काचेची मापं आणि तांब्याचं नरसाळं. मागच्या खोलीत पलंग आणि बायकोचं कपाट. मधली खिडकी कायम सताड उघडी, कारण वाफा कोंडल्या तर घात व्हायचा. तरीही टोल्युइनचा तो थिनरसारखा वास भिंतींत मुरला होता. आलेलं गिऱ्हाईक काम झालं की उंबऱ्यावरूनच निघे. "काका, तुमच्या चहालाही टोल्युइनचा वास येतो हो," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हापासून त्यांनी चहाचं विचारणंच सोडलं.

बायको म्हणायची, "सवत असती तर भांडले असते. या वासाशी काय भांडू?" ती जाऊन काही वर्षं झाली होती. कपाटातल्या तिच्या कपड्यांना अजून तोच वास होता. तिचा स्वतःचा मात्र कधीच उडून गेला होता.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. आठवडाभर विमा कंपनीत खुर्ची झिजवायचा आणि मोसमात घाटातल्या शर्यतींत गाडी पळवायचा. गाडी जुनी, वडिलांचीच. तिच्या इंजिनाचा दाब मात्रेकाकांनी स्वतः वाढवून दिला होता. असल्या इंजिनाला साधं पेट्रोल पचत नाही; चढ लागला की आतून कुणी हातोडी मारावी तसं ते ठोकायला लागतं. त्यामुळे शर्यत आली की लेकाला बापाच्या मिश्रणावाचून गत्यंतर नव्हतं.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या मोसमात तो म्हणाला होता, "बाबा, एकदमच चार-पाच डबे भरून द्या ना."

"टिकत नाही ते," मात्रेकाका बोलून गेले होते. "ताजंच घालावं लागतं."

कसं कोण जाणे, तोंडातून निघालं खरं. जन्मात खोटं न बोललेल्या माणसाचं खोटं लगेच खपतं. तेव्हापासून प्रत्येक शर्यतीआधी लेक यायचा, समोरच्या खुर्चीवर बसायचा. मात्रेकाका मुद्दाम बारीक धार धरून ओतायचे. टायरबद्दल बोलणं व्हायचं, नातीच्या दातांबद्दल व्हायचं. डबा भरला की बोलणंही संपायचं.

या वेळी लेक आला तो हातात निळी चकचकीत बाटली घेऊनच.

"बाबा, सुटलात तुम्ही! ही टाकीत ओतायची की झालं काम. आणि कितीही दिवस टिकते."

शेजारचा वेल्डर दारातून डोकावला. "काय मात्रेकाका, पोरानं वैद्य बदलला वाटतं!"

"तू आपली ठिणगी सांभाळ. इकडे आलास तर दोघंही उडू," मात्रेकाका म्हणाले. वेल्डर हसत परत गेला.

त्यांनी बाटली उघडून एक थेंब बोटावर घेतला. बोट गार पडलं.

"स्पिरिट आहे यात. बरंच."

"मग? त्यानंच तर ताकद येते ना?"

"येते. पण तुझ्या गाडीच्या नळ्या जुन्या रबराच्या आहेत. स्पिरिटानं त्या फुगतात, मऊ पडतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळलं तर..."

"मोसम संपला की बदलू नळ्या. तोवर निभेल हो. सगळेच वापरतात."

"सगळ्यांच्या गाड्या नव्या आहेत."

"बाबा, खरं सांगू?" लेकानं खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. आज तो बसला नव्हता. "तुमचं मिश्रण झकासच आहे. पण दर वेळी ताज्यासाठी एवढ्या लांब यायचं, सुट्टीचा दिवस मोडायचा... घरी रोज त्यावरून कटकट. नाही जमत आता."

मात्रेकाका बाटलीचं झाकण फिरवत राहिले. त्याला धरून ठेवायला सांगितलेलं खोटंच आता त्याला हाकलत होतं. गप्प राहिलं तर तो बाटली घेऊन जाणार. खरं सांगितलं तर डबे घेऊन जाणार. दोन्ही वाटा दारातून बाहेरच जात होत्या. फक्त एका वाटेवर आग होती.

"टिकतं," ते म्हणाले.

"काय टिकतं?"

"माझंही टिकतं. डबा काठोकाठ भरायचा, झाकण घट्ट लावायचं. अख्खा मोसम काही होत नाही."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिला. "मग आजवर हे ताजं, ताजं काय लावलं होतं?"

"असंच."

लेकाची नजर खुर्चीवर गेली. तिच्यावर कोरं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, त्याच्या पँटला डाग पडू नयेत म्हणून. दर वेळी असायचं. त्याला काही उमगलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना.

"भरा मग डबे," तो म्हणाला. आल्या वेळचा चढा आवाज आता खाली उतरला होता. "मी नरसाळं धरतो."

एरवी मुद्दाम संथ ओतणारा हात आज आपसूकच संथ झाला. मापं तीच, प्रमाण तेच. डबे एकेक करून भरले, पुसले, डिकीत चढले. लेकानं त्यांच्याभोवती जुनी गोधडी कोंबली, खडखडू नयेत म्हणून.

"मोसमभर पुरेल ना?" त्यानं काच खाली करून विचारलं.

"पुरेल."

"काही लागलं तर फोन करा."

"हो. नळ्यांचं मात्र विसरू नकोस."

गाडी निघाली. आवाज स्वच्छ होता, कुठे ठोका नाही. कोपऱ्यावर ती वळली, आणि एक डबा कमी भरता आला असता, हे मात्रेकाकांना तेव्हा सुचलं.