जास्वंदीशेजारी क्रोटन

बागेतली रंगसंगती हा घरातल्या माणसांच्या अभिरुचीचा आरसा असतो, असं मी एका जाड पुस्तकात वाचलं होतं. पुस्तक थंड, पावसाळी देशातलं. आमची कॉलनी पैठण रस्त्यालगतच्या ज्वारीच्या शेतात नुकतीच उगवलेली. तरी मी आराखडा केला: पुढं पांढरी तगर, तिच्यात निळी गोकर्ण. लाल आणि पिवळा शेजारी नकोत, लग्नाचा मांडव वाटतो. म्हणून सासूबाईंची लाल जास्वंद पायरीच्या कोपऱ्यात आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या पिवळ्या क्रोटनच्या कुंड्या पार कुंपणाशी गेल्या.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं दडी मारली. आजूबाजूला इमारती उठत गेल्या तसं आमचं बोअरही आटलं. आम्ही टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलो. तगर वाळली, मागोमाग गोकर्ण. जास्वंद कळ्या गाळू लागली. तिचं फूल गणपतीला वाहिल्याशिवाय सासूबाई चहा घेत नसत.

"आई, न्हाणीचं पाणी पाइपानं झाडाला सोडू या."

"देवाच्या झाडाला साबणाचं पाणी? नाय जमायचं."

"मग फूल विकत आणू."

"इकतचं फूल देवाला चालंल गं. झाडाला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली साबणाची वडी माझ्या हातात ठेवली. "तू लाव. तुला हापिसात जायचंय." आणि वाटीत बेसन घेऊन सगळ्यांच्या आधी आंघोळीला गेल्या. ते पाणी पाइपानं जास्वंदीला. नंतर आमचं साबणाचं पाणी क्रोटनला. त्यासाठी कुंड्या ओढून पायरीपाशी आणल्या.

जास्वंद फुलली. सासूबाईंना चहा वेळेवर मिळू लागला, त्यामुळं घरालाही स्वास्थ्य मिळालं. पुढं पाऊस आला, नळाला पाणी आलं. साबण मात्र त्यांनी परत मागितला नाही. पुस्तकानं मला रंग शिकवले असतील, पण बाग त्यांच्यामुळं राहिली, हे मी आजही विसरत नाही.

कॉलनीतले एक निवृत्त चित्रकला शिक्षक एकदा फाटकापाशी बराच वेळ थांबले. म्हणाले, "लाल फुलाला पिवळ्या पानाची जोड. याला नजर असावी लागते हो."

"सूनबाई लई वाचती," सासूबाई म्हणाल्या.

मी नम्रपणे मान लववली. पाइप पायरीपर्यंतच पोचत होता.