पातळ धूर

रज्जाकभाईच्या गॅरेजसमोर माझी भज्यांची गाडी आहे, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा. कोपरगावात इंजिनांच्या डिझेल पंपांची दुरुस्ती करणारे इतरही आहेत, पण इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून डोळे मिटणारा हा एकटाच. त्या वेळी चहा विचारला तरी त्याला ऐकू येत नाही. एरवी तो चहाला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत तो आणि गौहरभाभी राहतात. भाभीला दमा. गळीत हंगाम सुरू झाला, की ऊस वाहणारे ट्रॅक्टर दुरुस्तीला येतात, अंगणात उभं राहून रेस करतात, आणि काळा धूर थेट तिच्या स्वयंपाकघरात शिरतो. मागल्या हंगामात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. यांना या धुरातून हलवा, असं डॉक्टरांनी बजावलं. भाभीच्या नगरच्या बहिणीने खोली रिकामी केली आणि तिने कपड्यांची पिशवी भरून खुंटीला अडकवली. स्वतःची टोपी कुठे आहे हेसुद्धा ज्याला बायकोला विचारावं लागतं, तो तिच्याशिवाय राहणार कसा? आणि गॅरेज सोडून त्याला दुसरं काही येत नाही.

"एवढा हंगाम बघू," तो तिला म्हणाला. "धूर कमी न्हाई झाला, तर मीच तुला नगरला सोडतो."

मग त्याचा खटाटोप सुरू झाला. शिर्डीच्या हॉटेलांतलं तळणीचं तेल गोळा करून नगरजवळ नागापूरच्या एका कारखान्यात त्याचं बायोडिझेल करतात. त्याचे कॅन तो टेम्पोत घालून घेऊन आला. चार भाग डिझेल, एक भाग हे. इंजिन सुरू करायचं, सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरं फडकं धरायचं आणि उजेडात बघायचं. नुसत्या डिझेलवर फडकं काळंकुट्ट व्हायचं, मिश्रणावर राखाडी. पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा तो ते फडकं मला दाखवायला यायचा. वर म्हणायचा, "कानिफ, तुझं बी तेल घेतील ते." माझं तेल मी जळू देत नाही, हे मी त्याला ठणकावून सांगितलं.

अडचण निघाली ती वेगळीच. आमच्याकडे ट्रॅक्टरने काळा लोट सोडला, तरच तो ओढतोय असं मानतात. लोक मुद्दाम पंपातून येणारं डिझेल वाढवून घेतात. ऊस वाहणाऱ्यांत बिभीषणचा शब्द चालतो. तो आला तर बाकीचे येणार, तो गेला तर सगळे दुसऱ्या गॅरेजला जाणार. रज्जाकभाईच्या भिडेखातर त्याने टाकी मिश्रणाने भरून घेतली, पण सायलेन्सरकडे बघून तोंड वाकडं केलं.

"धूर न्हाई म्हंजी जोर न्हाई, भाई. अन् वास भज्यांचा येतोय."

"आठवडाभर चालवून तर बघ," रज्जाकभाई म्हणाला.

आठवडा काही निघाला नाही. दोन भरल्या ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर नदीकाठच्या चढावर बंद पडला. फोन आला तेव्हा माझ्या गाडीवर चारजण भजी खात होते. भज्यांच्या तेलाने इंजिन गेलं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. भाभी दारातून ऐकत होती. ती आत गेली आणि खुंटीवरच्या पिशवीत औषधं भरू लागली. मला फार वाईट वाटलं. कढई उतरवून मी रज्जाकभाईच्या मोटरसायकलवर मागे बसलो.

चढावर गाड्यांची रांग लागली होती आणि बिभीषण तापला होता. रज्जाकभाईने आधी फिल्टर उघडला. आत काळा चिखल गच्च बसलेला. त्याने कपाळाला हात लावला.

"इंजिनाला काय बी झालं न्हाई. ह्या तेलानं तुझ्या टाकीतला जुना गाळ धुऊन काढला, तो हितं येऊन बसला. आधी फिल्टर बदलायला पायजे हुता. चूक माझी हाय."

चारचौघांत असं कबूल करणारा मिस्त्री कुणी पाहिला नव्हता. बिभीषणला पुढे भांडायला काही उरलं नाही.

नवा फिल्टर बसला, पाइपातली हवा काढली. ट्रॅक्टर एकदा गुरगुरला आणि ट्रॉल्या घेऊन सरळ चढ चढून गेला. सायलेन्सरमधून करड्या धुराची बारीक रेघ तेवढी येत होती. वर पोचल्यावर बिभीषण खाली उतरला, आधी ट्रॉल्यांकडे आणि मग सायलेन्सरकडे बघत राहिला. रज्जाकभाईच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "वढतोय खरा, भाई. पर थोडा तरी काळा धूर ठिव की. लोकं म्हनतील, बिभीषन थकला."

"थोडा बी न्हाई ठिवनार," रज्जाकभाई म्हणाला. "घरात बायको हाय माझी."

बिभीषणने मान डोलावली. त्याच्या मागोमाग बाकीचेही आले. आता आधी फिल्टर बदलतात आणि मगच मिश्रण भरतात. धूर गेला असं मी म्हणणार नाही, पातळ झालाय. भाभीचा दम्याचा पंप अजून उशाशी असतो, पण या हंगामात दवाखान्याची वेळ आली नाही.

परवा माझ्याकडचे कांदे संपले म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. रज्जाकभाई टोपी शोधत होता. भाभीने खुंटीवरची ती पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"घ्या," ती म्हणाली, "आता कांदे ह्यातच ठिवते."