सारजाबाईंची प्रार्थना आणि आमचं आमेन

सारजाबाईंना कुणाला काही सांगायचं असलं की त्या देवाला सांगतात. ज्याला सांगायचं असतं तो शेजारीच डोळे मिटून बसलेला असतो, आणि प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही ही रीत आमच्या मंडळीच्या अंगात लहानपणापासून मुरलेली. त्यामुळे सारजाबाईंनी उभ्या जन्मात कुणाशी भांडण केलं नाही. सगळी भांडणं त्यांनी देवाच्या कानावर घातली आणि आम्ही नुसतं आमेन म्हणालो.

दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते आणि तिथं मी पेटी वाजवतो, म्हणून हे फार जवळून ऐकलंय. मलाही सोडलेलं नाही त्यांनी. एकदा म्हणाल्या, "हे दयाळू स्वर्गीय बापा, पेटी वाजवणाऱ्या आमच्या बंधूला सूर दे. आणि पोहे समोर आले म्हंजे त्याला जरा इंद्रियदमन दे, कारण मागं बसलेल्या लेकरांना काय उरत न्हाई." मंडळी जोरात आमेन म्हणाली. मीही म्हणालो. दुसरं करणार काय?

ही विद्या त्यांना मुलींच्या बोर्डिंगात गवसली. मंगळवेढ्याकडून लग्न करून सोलापुरात आल्या आणि बोर्डिंगात स्वयंपाकाला लागल्या. जेवणाआधीची प्रार्थना त्यांच्याकडे असायची. डब्यातला गूळ कमी झाला की त्या ताटं वाढून ठेवायच्या आणि भाकरी गार होईपर्यंत देवाला गुळाची हकीकत सांगायच्या. शेवटी एखादी पोरगी हुंदके देत उभी राहायची. ओरडणाऱ्या बाईला पोरी उलट बोलतात, डोळे मिटलेल्या बाईला बोलता येत नाही, हे सारजाबाईंना तिथं कळलं. घरी नवरा होता, भीमा. चांगला माणूस. तो आमेनशिवाय दुसरं काही बोलल्याचं गल्लीत कुणाला आठवत नाही.

त्यांना न जुमानणारी एकच बाई, शिवम्मा. ती लिंगायत, दुधनीकडची, आणि दोघींच्या परसात छातीइतकी एकच भिंत. सारजाबाई सकाळी परसात उभ्या राहून प्रार्थना करायच्या. "हे प्रभू, आमच्या शेजारणीचं सांडपाणी आमच्या कढीपत्त्याच्या बुडाशी येतं. तिला सुबुद्धी दे."

एकदा भिंतीपलीकडून आवाज आला, "सारजा, देवाला कशाला तरास देतीस गं? मी हितंच हुबी हाय की. मला सांग."

सारजाबाईंनी डोळे उघडले नाहीत. "आणि प्रभू, प्रार्थनेत मदी तोंड घालणाऱ्यांना क्षमा कर."

संध्याकाळपर्यंत शिवम्मानं पाण्याला वेगळी वाट काढून दिली आणि भिंतीवरून वाटीभर शेंगाचटणी पाठवली. सारजाबाईंनी देवाचे आभार मानले. "चटणी मी कुटलीय!" असं शिवम्मा ओरडली, पण तोवर यांचे डोळे परत मिटलेले होते.

तर अशा या सारजाबाईंवर गेल्या वर्षी वेळ आली. मुलगा अमृत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायचा आणि सून अंकिता नर्स. अंकिताला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली, अमृतलाही तिकडं काम मिळालं. दोन खोल्यांचं घर बघून झालं. भीमा तर केव्हाच देवाघरी गेलेला; आता म्हातारी एकटी मागं राहणार की काय, एवढंच ठरायचं होतं आणि तेवढंच कुणी बोलेना.

अमृतनं एकदा विचारलं, "आई, तुझं काय?" सारजाबाई म्हणाल्या, "देव बघून घेईल." अमृत भीमाचाच मुलगा, तो गप्प बसला.

अंकिता मला म्हणाली, "काका, आईंनी यावं असं मला वाटतं हो. पण विचारायची भीती वाटते. नाही म्हणायचं असलं तर त्या मला नाही म्हणणार नाहीत, बुधवारी सगळ्यांसमोर देवाला म्हणतील."

आणि इकडं सारजाबाई मला विचारत होत्या, "पुण्यात बुधवारची प्रार्थना असती का वो? ज्वारी चांगली मिळती का तितं?" जुन्या ट्रंकेची मोडकी कडी त्यांनी बदलून आणली होती. मी म्हणालो, "अहो, मग सांगा की मुलाला, मी येते म्हणून." तर म्हणाल्या, "मी कशाला सांगू? त्यांनी म्हणावं. मी प्रार्थनेत ठेवलाय विषय."

विषय कसा ठेवला तो ऐका. निरोपाची प्रार्थना त्यांच्याच घरी झाली. चर्चचे पाळकसाहेब होते, सगळी मंडळी दाटीवाटीनं बसली होती. सारजाबाईंनी सुरुवात केली आणि आवाजात असा काही कंप आणला की माझ्या पेटीला जन्मात जमला नसता. "हे बापा, माझ्या लेकरांना सुखानं जाऊ दे. माझी त्यांना अडचण नको. मी म्हातारी हितं एकटी राहीन, एक भाकरी थापीन, तुझं नाव घेईन. मला कुणी 'चल' म्हणावं अशी माझी जरासुदिक इच्छा न्हाई. येशूच्या नावानं मागते..."

यावर कुणीतरी, "छे छे, असं कसं!" म्हणणार, अशी त्यांची अटकळ होती. एवढ्या वर्षांची प्रार्थना करणारी बाई, पण एक गोष्ट विसरली. आमची मंडळी प्रार्थनेनंतर एकच शब्द बोलते.

"आमेन!" घर दणाणलं. सगळ्यात मोठा आवाज अमृतचा होता.

झालं. मंजूर. सारजाबाई तशाच डोळे मिटून बसून राहिल्या. पाळकसाहेब भारावून गेले. "किती त्यागाची प्रार्थना!" म्हणाले, आणि रविवारी उपदेशात सगळ्यांना तिचा दाखला दिला, म्हणजे उरलीसुरली वाटही बुजवली. आता माघार घ्यायची तर देवाला खोटं सांगितल्याचं कबूल करायला हवं. मला राग आला, खरं सांगतो. म्हातारीचा आला, अमृतचा आला, त्या आमेनचा तर फारच आला. हाक मारली की ऐकू जाईल इतक्या जवळ बसलेली माणसं, आणि निरोप स्वर्गातून फिरवून आणायचे!

निघायच्या सकाळी टेम्पो दारात लागला. सामान चढलं. अमृत म्हणाला, "आई, प्रवासाची प्रार्थना कर." आम्ही माना खाली घातल्या. टेम्पोवाल्या सिद्धनाथनं इंजिन बंद केलं आणि त्यानंही हात जोडले. आता चांगलं ऊन चढेपर्यंत सुटका नाही, या तयारीनं मी भिंतीला टेकलो.

"हे स्वर्गीय बापा," सारजाबाई म्हणाल्या, "टेम्पो नीट जाऊ दे. अमृतला सांभाळ. अंकिताला..."

आणि थांबल्या. सारजाबाईंना शब्द सापडत नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"पोरी, मला हितं एकटीला करमायचं न्हाई. मलाबी न्या की."

मी डोळे उघडले. सारजाबाईंचे डोळे उघडे होते आणि त्या सरळ अंकिताकडं बघत होत्या. हात जोडलेलेच होते, पण देवापुढं नव्हे, सुनेपुढं. मला ते बघवेना. बाकी मंडळी डोळे घट्ट मिटून 'येशूच्या नावानं' कधी येतंय त्याची वाट बघत होती. अमृतही.

अंकितानं पुढं होऊन ते जोडलेले हात धरले आणि खाली केले. "आई, अहो, हे आधी बोलायचं होतं की! आतली खोली तुमचीच धरलीय मी. आणि तुम्ही देवाला नको म्हणालात."

आता सगळ्यांनी डोळे उघडले आणि कुणालाच पुढं काय म्हणायचं ते कळेना. प्रार्थना संपली होती की नव्हती, हेच ठरेना. अमृत रडत होता.

"आमेन," आमच्या मागून कुणीतरी म्हणालं. मोठ्यांदा, एकटीनंच.

शिवम्मा होती. वाटेसाठी बांधलेल्या शेंगाचटणीची पुडी हातात, कपाळावर विभूती. आमच्यातलं कुणी तिला हसलं नाही. सिद्धनाथ ट्रंक आणायला आत गेला, तर ती भरूनच ठेवलेली होती.

"जा बाई," शिवम्मा म्हणाली आणि हसायला गेली, पण पदर डोळ्यांकडं गेला. "आता माजी गाऱ्हाणी देवाला कोण सांगणार गं?"

सारजाबाईंनी पुडी घेतली आणि तिचा हात सोडला नाही.

"देवाला कशाला?" त्या म्हणाल्या. "फोन करीन की. तुलाच सांगीन."