दारावरचा खोकला

जुन्या रेडिओ स्टुडिओतल्या दारवाल्या काकांना कुणाचा घसा बिघडणार हे डॉक्टरच्याही आधी कळायचं. श्रोत्यांसमोर रेकॉर्डिंग असलं की दीडशे माणसं रांग लावत, आणि काका प्रत्येकाला मुद्दाम किती वाजले विचारत. सांगताना जो खाकरला, त्याची रवानगी शेवटच्या रांगेत, थेट दाराजवळ. मग तो बँकेचा साहेब असो नाहीतर गायिकेचा जावई. एकतीस वर्षांत एकाही टेपवर खोकला शिरू दिला नाही काकांनी, आणि त्याचा तोरा तरी केवढा!

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. काकूंना दमा. एवढी वर्षं त्या बिचाऱ्या घरीच रेडिओला कान लावून बसल्या. काकांच्या निवृत्तीचा आठवडा आला तशी त्यांनी कंबर कसली: शेवटचं रेकॉर्डिंग मी आत बसूनच ऐकणार. काका दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घालत राहिले. नाही म्हणवेना, हो म्हणायची छाती होईना.

अखेर नेलं. शेवटच्या रांगेत, दाराजवळच बसवलं. खोकला येतोय वाटलं की नुसता हात वर कर, मी दार उघडतो, असं दहादा बजावलं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. व्हायोलिनवाल्या बाई काय सुंदर वाजवत होत्या म्हणता! पण काकांचं सगळं लक्ष बायकोच्या गळ्याकडे. मध्येच काकूंनी रुमाल तोंडाशी दाबला, डोळे पाण्याने भरले, पण हात काही वर गेला नाही. काकाही त्यांच्यासोबत श्वास रोखून उभे.

शेवटचा सूर विरला. टाळ्यांआधीच्या त्या शांततेत काकूंनी मागे वळून पाहिलं आणि त्या हसल्या. काकांचा जीव भांड्यात पडला, कोंडलेला श्वास सुटला, आणि असा काही ठसका लागला की दीडशे माना वळल्या.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काचेमागचा रेकॉर्डिंगवाला बाहेर आला आणि म्हणाला, काळजी नको, तेवढं कापून टाकतो. तेव्हा काकू उठल्या.

"राहू द्या हो तो ठसका," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं रेडिओ ऐकतेय, यांचा आवाज एकदाही आला नाही."

रविवारी कार्यक्रम लागला. काका खाली मान घालून बसले होते. शेवटचा सूर विरू लागला तसा काकूंनी हात लांब करून रेडिओचा आवाज वाढवला.